कोणते इंगळे?

आधार कार्ड हातात आलं की इंगळे सरांचा उजवा अंगठा आपोआप आडनावावर जाऊन बसतो. पाहुणे समोर उभे असतात, बॅगा मातीत टेकलेल्या असतात, लहान पोराला घाईची लागलेली असते, आणि सर कार्ड डोळ्यांपाशी नेऊन अंगठ्याच्या अलीकडचं तेवढं वाचतात. "राजेश. बरं. या राजेशभाऊ." मग नोंदवही पुढे सरकवतात. "बाकीचं तुमच्या हातानं लिवा. मी नाई पाहत." पाहुण्यांना वाटतं, म्हाताऱ्याला दिसत नाही. एकाने तर दुसऱ्या खेपेला येताना त्यांच्यासाठी भिंग आणलं. सरांनी ते ठेवून घेतलं. आता त्या भिंगाने उन्हात काड्या पेटवून दाखवत ते पाहुण्यांच्या पोरांना विज्ञान शिकवतात.

ही खोड आजची नाही. जानेफळच्या आमच्या शाळेत तेहतीस वर्षं मी गणित शिकवलं आणि त्यांनी विज्ञान. इतक्या वर्षांत सरांनी हजेरी कधी आडनावाने घेतली नाही. आता शेगाव इतकं जवळ, म्हणजे आमच्याकडे दर वर्गात चार-पाच गजानन असणारच. इतर मास्तर आडनावाने निभावून न्यायचे. सर म्हणायचे, "गजानन चष्मा. गजानन विहीरवाला. गजानन शिट्टी. नवा गजानन." नवा गजानन दहावी पास होऊन गेला तरी नवाच राहिला. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, अहो, पोरांना आडनावं आहेत ना? सर म्हणाले, "हायेत तं. पण त्यायच्या मायनं हाका नावानंच मारल्या ना?"

आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला इथे एक गोष्ट सांगायला हवी. इंगळे हे आडनाव आमच्याकडे कुणब्यांत आहे आणि बौद्धांतही आहे. त्यामुळे नुसतं इंगळे म्हणून भागत नाही. समोरचा गोड हसतो, मान जराशी तिरकी करतो आणि विचारतो, "कोणते इंगळे?" हा प्रश्न वऱ्हाडात एसटीत विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, दवाखान्यात सलाइन लावलेल्या माणसालाही विचारतात. जात विचारणं असभ्य आहे हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून आम्ही ती अशी विचारतो.

सरांचं उत्तर ठरलेलं. इंगळ म्हणजे निखारा. मूड बरा असला की ते म्हणतात, "विझलेले." नसला की, "फुललेले. हात लावून पाहा." विचारणारा हसतो आणि तरी उभाच राहतो, कारण त्याला पाहिजे ते उत्तर मिळालेलं नसतं.

असा माणूस निवृत्त झाला. बायको दोन वर्षं आधीच गेली होती. मुलगा पुण्यात. तो म्हणाला, बाबा, फंडाचे पैसे आले आहेत तर बुलढाण्याला छोटा फ्लॅट घ्या, नाहीतर इकडे या. सरांनी दोन्ही केलं नाही. मेहकर रस्त्याला फाट्याच्या पुढे दहा गुंठे जागा घेतली आणि तिच्यावर एक लाकडी घर उभं केलं. शेगावला दर्शन करून लोणारला जाणारे लोक याच रस्त्याने जातात, त्यांनी एक मुक्काम इथे करावा, असा हिशेब. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर लाल पत्रा. गावाने त्याला लगेच नाव दिलं, इंगळे सरांचं खोकं. "सर, पान लावा एक," असं रस्त्यावरून ओरडून पोरं मोटारसायकलवरून पळायची.

मीही समजावायला गेलो. समजावण्याची मला हौस आहे, त्यात काही लागत नाही. म्हटलं, सर, एवढा फंड लाकडात घातला. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. माणूस भाजून निघेल आत.

सरांनी मोबाइल काढला. मुलाने त्यांना ते भाड्याच्या घरांचं अ‍ॅप घालून दिलं होतं. "हे पाहा," ते म्हणाले. "हे घर कोनाचं? पीटरचं. हे? मीनाक्षीचं. हे पाहा, येनारा पाव्हना कोन? समीर. काई सापडते का?"

मला काय सापडायला हवं होतं ते कळेना.

"आडनावच नाई, पाटील सर! घरवाल्याचंही नाई, पाव्हन्याचंही नाई. सारी दुनिया नुसत्या नावानं एकमेकाच्या घरी झोपून राह्यली. साठ वर्षाचा झालो, अशी जागा पह्यल्यांदा पाह्यली." बोलताना त्यांचा चेहरा पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरासारखा झाला होता. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी फंड लावला. धंद्याचं गणित म्हणाल तर मी त्यांना शून्य गुण दिले असते.

मे महिन्यात व्हायचं तेच झालं. फळ्या तडकल्या. रात्रीतून अशा कडाडायच्या की नाशिकच्या एका जोडप्याला घरात कोणी शिरलं असं वाटलं. सर गोणपाटं ओली करून भिंतींवर टाकायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "लाकूड आंग मोडून राह्यलं, दुसरं काई नाई." तरी लोक यायचे. पाऊसकाळ्यात आणि थंडीत तर बरेच. सर स्वतः पातोडीची भाजी करायचे, भाकरी थापायचे, आणि जेवणानंतर वाटीत पीठ घेऊन वरून गोटी टाकून लोणारचं सरोवर कसं झालं ते दाखवायचे. पाहुणे अ‍ॅपवर तारे द्यायचे. "आयुष्यभर पोरायले तारे शिकवले," सर म्हणायचे, "आता तेच मले शिकवून राह्यले."

सगळ्यात जास्त तारे कशाला मिळाले असतील? ओसरीतल्या बुद्धाच्या तसबिरीला. काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेली, जुन्या लाकडी चौकटीतली तसबीर. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ती फार आवडते. "लव्हली बुद्धा, सो पीसफुल," असं तिथे एकीने लिहिलं आहे. दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, काका, हा पीस कुठून घेतला? सर म्हणाले, "पिंपळगाव राजाहून. बापानं देल्ला." बाईंनी पिंपळगाव राजाला अँटिक मिळतात असं टिपून घेतलं.

हे सांगून सर मोठ्याने हसले. मी हसलो नाही. ती तसबीर मी ओळखत होतो.

पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी प्रल्हाद इंगळे नावाचा नवा मास्तर पिंपळगाव राजाहून आमच्या शाळेत रुजू झाला, तेव्हा त्याला खोली मीच दिली होती. आमच्या वाड्यावर रस्त्याकडची एक खोली रिकामी होती. आईने विचारलं, आडनाव काय? मी म्हटलं, इंगळे. नाव प्रल्हाद, अंगावर पांढरा सदरा, बोलणं वाकून. तिने पुढचा प्रश्न विचारलाच नाही. "आपल्यातलेच दिसतेत," म्हणाली, आणि वरून जेवायलाही घातलं. आठ दिवस तो आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी पाटावर बसून जेवला. आईचं फार पटलं त्याच्याशी. त्याला आई लहानपणापासूनच नव्हती. ती वाढत राहायची आणि तो नको म्हणायचा नाही. "असं जेवनारं पोरगं पाहिजे," ती मला ऐकवायची.

नवव्या दिवशी रविवार होता. त्याने ट्रंक उघडली, खिळा मागायला आमच्याकडे आला आणि भिंतीवर तसबीर लावली. आई कौतुकाने खोली बघायला गेली आणि तशीच परत आली. चुलीपुढे बसून राहिली. मग मला म्हणाली, "सांग त्याले. खोली लागते म्हनाव."

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, बीएससी बीएड होतो, शाळेत समतेवर भाषणं लिहून द्यायचो. मी गेलो आणि सांगितलं, "सर, जरा अडचण झाली. पाहुणे येणार आहेत आमच्याकडे."

त्याने विचारलंही नाही, किती दिवसांसाठी. "हो हो, पाव्हने म्हनल्यावर काय," एवढं म्हणाला आणि खिळा काढून मला परत दिला. तसबीर काढताना हातातून निसटली, तो तडा तेव्हाचा. तो ज्या ताटात जेवायचा ते ताट आईने धुऊन बाहेर ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "हे त्याच्याच संगं जाऊ दे." तेही मीच नेऊन दिलं. तो विहारामागच्या वस्तीत खोली घेऊन राहिला आणि नोकरी संपेपर्यंत तिथेच होता. आम्ही दोघांनी पुढे रोज एकत्र चहा घेतला, एकमेकांचे तास घेतले, एकमेकांच्या पोरांना शिकवलं. त्या रविवारचा विषय कधी निघाला नाही. निघाला नाही म्हणजे मी निघू दिला नाही.

तर या तसबिरीपायी खोली गेली होती आणि तिलाच आता तारे मिळत होते. मला वाटलं, चला, फिटलं. माणसाला स्वतःपुरतं लवकर फिटतं.

मग गेल्या दिवाळीनंतर एक कुटुंब आलं. जवळच्याच जिल्ह्यातलं, आपल्याच बोलीतलं. जेवून तृप्त झाले आणि त्यातल्या काकांनी मान तिरकी केली. "कोणते इंगळे तुमी?" सर म्हणाले, "विझलेले." काका हसले, पाय मोकळे करतो म्हणून फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि तिथून पाहिजे ते उत्तर घेऊन आले. अर्ध्या तासात बॅगा गाडीत गेल्या. दोन दिवसांचं आरक्षण होतं. काकू जाताना सरांना म्हणाल्या, "घरून फोन आला हो. अचानक पाव्हने येऊन राह्यले."

दुसऱ्या दिवशी अ‍ॅपवर एक तारा आला. कारण दिलं होतं, अस्वच्छता.

सर दिवसातून तीन वेळा फरशी पुसतात. शौचालय असं ठेवतात की त्यात बसायला संकोच वाटावा. पण अ‍ॅपला ते कसं कळणार? त्याने बजावलं की स्वच्छतेबद्दल आणखी एक तक्रार आली तर घर यादीतून काढू. मग त्या एका ताऱ्याकडे बघून नवे लोकही यायचे थांबले. पौष गेला, माघ गेला. मी कधी गेलो तर सर गुडघ्यांवर बसून तीच पुसलेली जागा पुन्हा पुसत असायचे. मुलाचा फोन यायचा, बाबा, विकून टाका ते लाकूड. सर मला म्हणाले, "विकाचं काई नाई हो. पन या घरात गावातलं एकही मानूस अजून पाव्हना म्हनून राह्यलं नाई. तुमी तं एक दिवस या मुक्कामाले, पाटील सर."

हे आमंत्रण नवीन नव्हतं. घर बांधल्यापासून दर महिन्याला यायचं. दर वेळी माझी कंबर दुखत असायची, नाहीतर सोयाबीन काढणीला आलेलं असायचं.

फाल्गुनात आमच्या मुलीचे, सुषमाचे, सासू-सासरे जालन्याकडून आले. सुषमाचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. व्याही-विहिणीला शेगावचं दर्शन करून लोणार बघायचं होतं आणि मधला मुक्काम आमच्याकडे. नेमकं आमच्या घरी न्हाणीघर फोडून ठेवलेलं. बायको म्हणाली, मेहकरला लॉज बघा. मला काय झालं कोणास ठाऊक, मी मोबाइल काढला आणि अ‍ॅपवरून सरांचं घर घेतलं. त्यांच्याकडे नुसतं 'सुधाकर' असं गेलं. पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन. "तुमीच ना? सुधाकर म्हन्जे तुमीच ना?" मी म्हटलं, व्याही आहेत, त्यांच्यासाठी. ते म्हणाले, "बरं बरं. सुषमाचे सासू-सासरे म्हन्जे माहेही पाव्हनेच."

बायको तेवढं म्हणाली, "त्यायनं इचारलं तं काय सांगसान?" मी म्हटलं, आता कोण विचारतं?

व्याही जेवायच्या वेळेला पोचले. विहीणबाईंना घर आवडलं, तसबीरही आवडली, पण ती त्यांनी दोनदा पाहिली. ओसरीत पानं मांडली. मीही बसलो, त्यांच्या घरी पहिल्यांदाच जेवायला. सर भाकरी घेऊन आले आणि व्याह्यांनी मान तिरकी केली. "इंगळे सर म्हणजे, कोणते इंगळे म्हणायचे?"

सरांनी तोंड उघडलं. बहुतेक 'विझलेले' येणार होतं. कदाचित 'फुललेले'. ते बाहेर पडायच्या आत मी म्हणालो, "आपलेच हो. आपल्यातलेच."

सरांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, आणि खाली माझ्यापुढे जे ताट होतं त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं : सौ. गोदावरी रा. पाटील.

बाकीच्यांची ताटं नवी होती. हे एकच जुनं होतं, घासून घासून मऊ झालेलं, आणि ते माझ्यासाठी काढलं होतं.

विहीणबाई शेजारीच होत्या. त्यांनी वाकून वाचलं. "अगं बाई, हे तर तुमच्या आईंचं नाव!" त्यांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे भांड्याकुंड्यांचं जाणं-येणं आहे की तुमचं. मग हे तर घरचेच झाले." व्याह्यांनीही मान डोलावली आणि आणखी भाजी मागितली. जन्मभरात आईच्या त्या ताटाची अशी साक्ष निघेल असं मला वाटलं नव्हतं. मी भाकरी मोडली. सर वाढत राहिले. व्याह्यांनी नको म्हटलं तरी वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरून निरोप द्यायला पोचलो आणि ते दोघं लोणारकडे निघाले. गाडीत बसायच्या आधीच विहीणबाईंनी माझ्या मोबाइलवरून पाच तारे दिले. लिहिलं, अगदी घरच्यासारखं वाटलं, स्वच्छता तर विचारूच नका. सरांचं घर यादीत राहिलं.

मी मागे थांबलो. सर नळावर ताटं घासत होते. मी म्हटलं, "सर, काल तुम्ही काही बोलला नाहीत."

"सुषमाचं सासर हाय ते," ते वर न बघता म्हणाले. "पाचवीपासून शिकवलं तिले. तिच्या ताटात मी काऊन खडा टाकू?"

"आणि हे ताट..."

"मायनं देल्लं." त्यांनी ते पाण्याखाली धरलं. "काऊन देल्लं, ते मले त्याच दिवशी समजलं. पन आठ दिवस तिनं ज्या हातानं वाढलं, ते काई खोटं नोतं ना, सर? तेव्हा तिले माहीत नोतं, एवढंच. मी याच्यात एकटा जेवतो. काल तुमी आले म्हनून तुमाले काढलं."

मी म्हणालो, माझं चुकलं. कोणत्या साली चुकलं ते नाही म्हणालो.

सरांनी ताट फडक्याने पुसलं, काठावरच्या नावावरून फडकं एकदा जास्त फिरवलं. मग हसले. "तुमी 'आपलेच' म्हनले ना काल. मले ठाऊक होतं, थाप हाय. पन खरं सांगू? घटकाभर मलेही खरं वाटलं."

मग ते म्हणाले, "आता एक काम करा. पुढच्या आठवड्यात या मुक्कामाले. व्याह्यासाठी नाई. तुमी सोता. एकच रात. आडनाव लिवाचंही काम नाई."

मला हो म्हणायचं होतं. शपथ घेऊन सांगतो, हो हेच तोंडात होतं. पण डोळ्यांपुढे बायको आली, फाट्यावरची टपरी आली, सकाळी सरांच्या घरातून तोंड धुऊन बाहेर पडणारा मी आलो, आणि तोंडातून निघालं, "येतो ना सर. पुढच्या आठवड्यात जरा अडचण आहे. पाहुणे येणार आहेत आमच्याकडे."

शब्द बाहेर पडल्यावर मला ते ऐकू आले. सरांनाही आले. नळ चालूच होता, तो त्यांनी बंद केला.

"हो हो," ते म्हणाले. "पाव्हने म्हनल्यावर काय."

आणि ते ताट घेऊन आत गेले. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे कोणीही यायचं नव्हतं.